उंबऱ्याची गाडी

"याला उंबरा नाही?" कुंदानं विचारलं.

शिकलगार मेस्त्रींनी गाडीच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे पाहिलं. जणू कालपर्यंत उंबरा तिथं होता आणि रात्रीतून कुणी काढून नेला होता.

"वैनी, ही गाडी हाय. गाडीला पायरी असती. उंबरा घराला असतोय."

"मला घरच हवंय," कुंदा म्हणाली. "गाडी नकोय."

मेस्त्रींनी आजवर ट्रकवर मोर काढून दिले होते, टेंपोत देव्हारे बसवले होते, एका नवरदेवासाठी जीपला कमान करून दिली होती. उंबरा कुणी मागितला नव्हता. पण धंद्यातला माणूस. त्यांनी खिशातून टेप काढली आणि दाराची रुंदी घेतली.

"सागवानी बसवू का?"

"बसवा."

कोल्हापूरच्या त्यांच्या शेडमध्ये दोन घरगाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास, एसी असं सगळं. मोटारहोम म्हणतात तसली. एक गॅसवर चालणारी, दुसरी डिझेलवर. दोन्ही कुणा हौशी माणसांनी बनवून घेतलेल्या आणि हौस फिटल्यावर विकायला लावलेल्या. हौस फार लवकर फिटली असावी, कारण दोन्हींच्या गाद्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

आम्हांला हौस नव्हती. आमच्याकडे बाळंतपण होतं.

आमची मुलगी ऋजुता अकोल्याला गावंड्यांकडे दिलेली. सातवा लागला की तिनं कराडला यायचं, असं लग्न ठरतानाच कुंदानं मनाशी ठरवून ठेवलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी हा नियम काही कुंदानं केलेला नाही. पण पाळायची वेळ आल्यावर तिनंच केला असावा अशा कडकपणे ती तो पाळत होती. त्याला कारण होतं. ऋजुताच्या वेळी कुंदाची आई हयात नव्हती आणि भावजयीनं बोलावणं पाठवलं नाही. बाळंतपण आमच्याच घरी, माझ्या आईच्या हातून झालं. आईनं काही कमी केलं नाही. फक्त डिंकाच्या प्रत्येक लाडवाबरोबर, तो आपल्याला का वळावा लागतोय, तेही ती सांगत असे. कुंदानं लाडू खाल्ले. बोलणी तिनं जपून ठेवली.

आणि ऐन वेळी अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी ऋजुताला प्रवास बंद सांगितला. घरातल्या घरात हिंडायची तेवढी मुभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा चहा गाळता गाळता म्हणाली, "तिला माहेरी येता येत नाही ना? मग माहेर तिकडं न्यायचं."

"तिकडं म्हणजे?"

"त्यांच्या अंगणात. अंगण मोठं आहे त्यांचं."

"त्यापेक्षा तू त्यांच्याकडे जाऊन राहा ना. नाही कोण म्हणतंय?"

"नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत आमच्यात. आणि माझ्या लेकीचं बाळंतपण मी दुसरीच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा विचारत करू?"

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेली. पाणी शेतापर्यंत पोचत नसेल तर शेतकऱ्यानं शेत घेऊन कालव्याकडे यावं, यापलीकडे आमच्या खात्याचा विचार कधी गेला नाही. उलट दिशेनं विचार करणारी व्यक्ती घरातच निघाली म्हटल्यावर मी भारावलो. फंड नुकताच हातात आला होता. मी हो म्हणालो.

कुंदानं डॉक्टरबाईंनाही फोन केला. अंगण घरात धरायचं की बाहेर, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "सावकाश चालली तर अंगण चालेल."

आता प्रश्न एवढाच उरला होता, की गाडी घ्यायची कुठली. तो एवढाच प्रश्न आम्हांला जवळजवळ महिनाभर पुरला.

डिझेल हे नाव पहिल्यांदा काढलं आमच्या व्याह्यांनी. नानासाहेब गावंडे. डाळमिलचे मालक, उंच, आवाज खणखणीत, आणि डिझेलच्या जीपगाडीवर मुलासारखी माया. फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलत. म्हणजे आपण एकटे नाही आणि ते सुद्धा एकटे नाहीत, हे आपल्याला सतत जाणवत राही.

"डिझेलच घ्या, सांगून ठेवतो तुमाले," ते म्हणाले. "ताकद असते त्याच्यात. घाट कसा चढते पाहा. अन् पंप जागोजागी. आमच्या मूर्तिजापूर रोडच्या फाट्यावरचा पंप तर घरचाच समजा."

तोवर माझं काहीच मत नव्हतं. त्या क्षणी मी गॅसचा झालो.

हे जरा समजून घ्यायला हवं. मी मुलीचा बाप. लग्नात मुहूर्त त्यांचा होता, बँड त्यांचा होता, आमच्याकडची पुरणपोळी बदलून बुंदी झाली होती आणि फोटोत मी कुठं उभं राहायचं तेही त्यांच्याच आत्याबाईंनी सांगितलं होतं. मी सगळ्याला मान डोलावली होती. पण गाडी माझ्या फंडाची होती. देवाब्राह्मणांसमोर ज्या गोष्टीला मी हो म्हणालो नव्हतो अशी ती एकुलती एक गोष्ट होती.

"गॅस स्वस्त पडतो, नानासाहेब," मी म्हणालो. "आवाज नाही. धूर नाही. बाळंतीण आणि तान्हं मूल म्हटल्यावर धूर नको."

"अन् वाटेत संपला म्हणजे? बाळंतिणीले घेऊन ढकलत बसाल काय?"

"बाळंतीण तुमच्या घरात आहे. गाडी तिच्याकडे येतेय."

"मंग येईल कशी? तेच तर म्हणून राहिलो मी."

मागून एक बारीक आवाज आला. त्या विहीणबाई, शकूताई. लग्नात मी त्यांना पाहिलं होतं, पण बोलताना ऐकलं नव्हतं. "त्यांना विचारा ना, ते गाडी उभी किती दिवस राहते?"

"तू चूप राय व," नानासाहेब म्हणाले. "इथं इंजिनाचं बोलणं चालू आहे."

आम्ही दोघंही हसलो. त्या महिन्यात आमचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट.

त्यानंतर मी नकाशा घेऊन बसलो आणि कराड ते अकोला गॅसचे पंप शोधले. त्या काळी ते थोडे होते, त्यामुळे रस्ता जरासा वाकडा झाला. नानासाहेबांनी मला घाटात बंद पडलेल्या गाड्यांचे फोटो पाठवले. मी त्यांना काळ्या धुराचे पाठवले. जावई पराग मध्ये एकदा "बाबा, दोन्ही चालतील हो" असं म्हणाला, तेव्हा आम्ही दोघांनीही त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. कुंदाचा भाऊ आबा गाडी चालवत नेणार होता. पूर्वी बोलावणं न पाठवणाऱ्या भावजयीचा हाच नवरा. त्याला मत विचारलं तर म्हणाला, "दाजी, मला फक्त कुठं बसायचं ते सांगा." तेव्हाही तो घरात असंच म्हणाला असावा.

शेवटी मी जिंकलो. गॅसची गाडी ठरली. चांगला दिवस बघून आम्ही तिघं आबाच्या जीपनं कोल्हापूरला गेलो. दाराला सागवानी उंबरा बसला होता, त्याला पितळी फुलंसुद्धा ठोकली होती. कुंदानं त्यावर हळदीकुंकू वाहिलं, गाडीच्या नाकाडावर स्वस्तिक काढलं, आबानं नारळ फोडला. मी नानासाहेबांना उंबऱ्याचा फोटो पाठवला आणि त्यात गॅसची हिरवी पट्टी कोपऱ्यात दिसेल याची काळजी घेतली.

पैसे द्यायला मी खिशात हात घातला, तेवढ्यात कुंदा आबाला म्हणाली, "अरे, जीपमधून शेगडी आण."

आबानं लोखंडी शेगडी आणली. माझ्या आईची. कुंदा ती घेऊन आत गेली आणि पलंगाखाली वाकून बघायला लागली.

"मेस्त्री, याच्या खालचा पत्रा निघतो का?"

"कशाला, वैनी?"

"शेगडी ठेवायला."

"कसली शेगडी?"

"बाळंतिणीची. पलंगाखाली निखारे ठेवायचे, वरून ओवा, शेपा टाकायच्या, धुरी द्यायची. सकाळ-संध्याकाळ शेक. तुमच्यात करत नाहीत?"

"करत्यात की," मेस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पर वैनी, त्या पत्र्याखाली गॅसच्या टाक्या हायेत."

"मग निखारे कुठं ठेवू?"

मेस्त्री बाजूच्या टायरवर बसले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळून हात जोडले.

"सायेब, डिझेल घ्या."

"अहो, पण गॅस..."

"गॅस चांगलाच हाय. म्या कवा वाईट म्हणलो? पर म्या पोराबाळांचा माणूस हाय. तुमी टाक्यांवर निखारं ठिवणार, त्यावर लेक झोपवणार, आन् खाली माझ्या शेडचं नाव लिवल्यालं! डिझेल घ्या. उंबरा म्या फुकट हलवून देतो."

कुंदाला मी हळूच सांगून पाहिलं, की हल्ली शेगडीशिवायही बाळंतपणं होतात. ती म्हणाली, "होतात. सासरी."

दुपारपर्यंत उंबरा डिझेलच्या गाडीवर गेला. नारळ एकच होता, म्हणून फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग उचलून तिच्यापुढे ठेवला. गॅसच्या गाडीवरचं स्वस्तिक पुसायला मेस्त्री फडकं घेऊन निघाले, तर कुंदानं अडवलं. काढलेलं कुंकू पुसत नाहीत. त्या गाडीनं तशीच, अर्धं लग्न लागल्यासारखी, दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघितली.

नानासाहेबांना कळवणं भाग होतं. मी म्हणालो, "सर्व बाजूंनी विचार केल्यानंतर आम्ही डिझेलच्या निर्णयाला आलो आहोत."

"मी म्हणलं होतं!" स्पीकर गर्जला. मग घरातल्या दिशेनं, "ऐकलं काय व? मी म्हणलं होतं ना?" त्यांना उत्तर काय मिळालं ते ऐकू आलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अकोल्याला पोचलो. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही, आणि ज्यांनी पाहिला आहे ते सांगायच्या मनःस्थितीत नसतात. गाडी अंगणात, कडुनिंबाखाली उभी राहिली. नानासाहेबांनी इंजिनावर हात ठेवला, डोळे मिटले आणि "वा!" म्हणाले. मग अभिनंदन करायला आत शिरले आणि उंबऱ्याला अंगठा ठेचकाळला.

"हे काय बसवलं बाप्पा?"

"उंबरा आहे," कुंदा म्हणाली. "पाय उचलून या."

शकूताई ओसरीवर उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात तांब्या. "आत या, चहा टाकला आहे," त्या म्हणाल्या. आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं असावं. आत गेल्या, कप घेऊन आल्या, उन्हातून चालत गाडीशी आल्या आणि कप उंबऱ्याच्या आत ठेवला.

"दूध-साखर आमची आहे," त्या म्हणाल्या. "पण उंबरा तुमचा. चालते काय?"

कुंदानं कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "कप तेवढा मी धुऊन देईन," ती म्हणाली आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुताची पाठवणी झाली. ओसरीवरून अंगणात. शकूताईंनी तिची ओटी भरली, हातावर दही दिलं. नानासाहेबांनी तिची बॅग स्वतः उचलली आणि पोचवायला आले. ऋजुता हसू आवरत, पोट सावरत, पाय उचलून उंबरा ओलांडून आत आली आणि पलंगावर बसून रडायला लागली. माहेरी आल्यावर मुली रडतात. कुंदाला इतकं समाधान झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पराग मागोमाग आला आणि दारात उभा राहिला. "आई, मी संध्याकाळी येऊ ना हिला भेटायला?"

कुंदा म्हणाली, "जावई रविवारी येतात."

"पण मी इथंच राहतो. ते बघा, ती माझी खिडकी."

"मग खिडकीतून बघा. रविवारी या. मी शिरा करीन."

तो बिचारा रविवारी आला. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्याचा पुडा घेऊन, स्वतःच्या अंगणातून चालत आला.

पहिली अडचण मात्र पाठवणीच्या दुपारीच आली. उभ्या गाडीत एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागे. आबानं इंजिन चालू केलं. गाडी गुरगुरू लागली, खिडक्या थरथरू लागल्या आणि मागच्या नळीतून धूर निघून तो सरळ गावंड्यांच्या गच्चीवर, शकूताईंनी वाळत घातलेल्या कुरड्यांवर गेला. दुपारची झोप मोडून नानासाहेब बनियनवर बाहेर आले. डिझेलची ताकद ते प्रथमच मागच्या बाजूनं अनुभवत होते.

"बंद करा हो ते!" ते खोकत म्हणाले.

"ताकद आहे त्याच्यात," मी म्हणालो.

"अहो, बंद करा म्हणतो ना!"

बंद केलं तर आत भट्टी. ऋजुता घामानं निथळायला लागली. मी घाबरून शिकलगार मेस्त्रींना फोन लावला.

"आवो सायेब," ते म्हणाले, "मागं नंबरपट्टीच्या शेजारी एक पिन हाय की. घरातनं वायर वढा, लावा. एसी, फ्रीज, समदं चालतंय. इंजिन कशाला लागतंय?"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी गॅस-डिझेलचंच इचारत हुता. ते चालायसाठी लागतंय. उभं राहायचं कवा इचारलं?"

मी फोन ठेवला. शकूताई ओसरीवरून आमच्याकडे बघत होत्या. आत गेल्या आणि डाळमिलमधून आणलेल्या जाड काळ्या वायरचं भेंडोळं घेऊन आल्या. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात आली आणि मिक्सरच्या शेजारच्या बटणावर आमचं माहेर सुरू झालं.

अशा रीतीनं माझा गॅस आणि नानासाहेबांचं डिझेल दोन्ही बाजूला पडून गाडी व्याह्यांच्या घरच्या विजेवर चालली. नानासाहेब वायरकडे बराच वेळ बघत राहिले. "बिल मी पाहून घेतो," शेवटी ते म्हणाले. हरलेला माणूस इतक्या थाटात बोललेला मी पाहिला नव्हता. पण हरला होता कोण, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

जूनच्या सुरुवातीला ऋजुताला मुलगी झाली. हॉस्पिटलातून दोघी सुखरूप गाडीत आल्या. कुंदानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेगडी बाहेर काढली. नेमक्या डॉक्टरबाई बाळाला बघायला आलेल्या.

"हे काय?"

"शेक आणि धुरी," कुंदा म्हणाली.

"या डब्यात? अजिबात नाही. बाळाच्या श्वासाला त्रास होईल. गरम पाण्याची पिशवी वापरा."

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहिलं. ज्या शेगडीपायी गॅस गेला होता, ती शेगडी उपडी करून तिच्यावर बाळाच्या तेलाची वाटी ठेवण्यात आली. पुढे सगळे दिवस तिनं ते काम चोख केलं.

शकूताई रोज दुपारी नातीला बघायला यायच्या. पहिल्या दिवशी आल्या त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. पाहुण्यासारख्या. कुंदा म्हणाली, "या की आत." त्या पाय उचलून आत आल्या आणि स्टुलाच्या कडेवर टेकल्या. दुसऱ्या दिवशी मागे टेकून बसल्या. त्यानंतर एकदा मी पाणी भरायला गेलो तर शकूताई खालच्या चटईवर आडव्या झालेल्या, पदर बाजूला, पाय भिंतीला लावलेले, आणि कुंदा त्यांच्या डोक्याला तेल लावत होती. दोघी कशाला तरी हसत होत्या. मला बघून दोघी एकदम गप्प झाल्या, तेव्हा मी पाणी न भरताच परत आलो.

पुढे पुढे दुपारचं जेवण झालं की शकूताई गाडीत आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरात, असंच होऊ लागलं. चार वाजले की ओसरीवरून नानासाहेबांची हाक यायची.

"अव, चहा!"

आणि गाडीतून उत्तर यायचं, "सांजच्याला येते. मी माहेरी आहे."

नानासाहेब माझ्याकडे बघायचे. मी वर्तमानपत्राकडे बघायचो. मग आम्ही दोघं आमच्या हातानं चहा करायचो. साखर कुठं असते हे नानासाहेबांना त्या महिन्यात कळलं.

एकदा असाच मी गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. शकूताई उंबऱ्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी गमतीनं विचारलं, "ताई, आम्ही एवढे महिनाभर भांडलो, तुम्ही गॅस की डिझेल काहीच बोलला नाहीत."

"मले काय त्यातलं समजते?"

"तुमचं माहेर जवळच ना? मूर्तिजापूर रोडवर?"

शेंग सोलता सोलता त्या म्हणाल्या, "होतं. आई-बाबा गेले, मंग भावांनी विकलं. फाट्यावर पंप आहे ना, तिथं."

"पंपाच्या जवळ?"

"जवळ नाही. पंप आहे तिथंच. जिथं ह्यांची जीप उभी राहते, तिथं आमची न्हाणी होती." त्यांनी शेंगेचा दोरा ओढून काढला. "हे तिथंच डिझेल भरतात. घरचाच पंप म्हणतात. मी उतरत नाही."

मग त्या आत वळून म्हणाल्या, "कुंदाताई, एवढ्या शेंगा पुरतात काय वो?"

सव्वा महिना झाला. बारसं झालं. ऋजुता बाळाला घेऊन उंबरा ओलांडून सासरी गेली. परागनं तिची बॅग नेली. तो इतका घाईत होता, की त्याला पाय उचलायचं भान राहिलं नाही. कुंदानं गाडी आवरली, बरण्या फडक्यात बांधल्या, वायर काढून वेटोळं करून शकूताईंच्या हातात दिली. नातवंड झालं होतं, त्यामुळे आता लेकीच्या घरी जेवायला हरकत नव्हती. सगळे एकदमच जेवलो.

आबा चालकाच्या जागेवर बसला. इतके दिवस उभी असलेली गाडी सुरू होणार नाही, अशी मला थोडी आशा होती. ती पहिल्याच किल्लीला सुरू झाली. नानासाहेबांना अभिमान वाटायला हवा होता. ते खाली मान घालून उभे होते.

शकूताई ओसरीवर, वायरचं वेटोळं अजून हातात धरून. त्या रडत नव्हत्या. गाडी जिथं उभी होती तिथल्या जमिनीकडे त्या बघत होत्या. खरं म्हणजे तिथं अजून गाडीच होती. पण त्यांना गाडी हलल्यानंतरची जमीन दिसत असावी.

कुंदानं ते पाहिलं.

"आबा, बंद कर," ती म्हणाली.

"काय झालं, अक्का?"

"बंद कर म्हणते ना."

इंजिन थांबलं. कुंदा खाली उतरली, किल्ली काढून घेतली, ओसरीवर गेली. शकूताईंच्या पदरात तांदूळ, खण, नारळ घातला आणि त्यावर किल्ली ठेवली.

"हे काय?" शकूताई म्हणाल्या.

"राहू दे इथंच. ऋजुताचं दुसरं होईपर्यंत. एवढी मोठी गाडी परत कुठं न्यायची? आमच्याकडे घर आहे." मग माझ्याकडे वळून, "आहे ना हो?"

माझा फंड कडुनिंबाखाली उभा होता. मी म्हणालो, "आहे."

आम्ही तिघं एसटीनं कराडला आलो. वाटेत आबा एकदाच बोलला. म्हणाला, "अक्का, दिवाळीला घरी ये. मी स्वतः सांगतोय." कुंदा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बघू." पण गेली.

नात आता दुसरीत आहे. ऋजुताचं दुसरं झालं नाही आणि त्याबद्दल आमच्या चौघांपैकी कुणीही तिला विचारत नाही, ही मला फार सुसंस्कृत गोष्ट वाटते. गाडीच्या विम्याचा कागद दरवर्षी माझ्या नावानं येतो आणि दरवर्षी मी तो भरतो. टायर मातीत बसले आहेत. टपावर कडुनिंबाचा पाला साठतो. डिझेलच्या टाकीत काय उरलं असेल हा आमचा नवा वाद आहे. नानासाहेब म्हणतात अर्धी टाकी, मी म्हणतो केव्हाच उडून गेलं. काळी वायर मात्र खिडकीतून कायमची बाहेर आलेली आहे.

परवा आम्ही अकोल्याला गेलो होतो. चार वाजता मी आणि नानासाहेब ओसरीवर बसलो होतो. कुंदा जेवण झाल्यापासून गाडीतच होती. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता, मध्येच हसण्याचा. नानासाहेबांना त्यांचा चष्मा सापडत नव्हता. तो कुठं असतो हे फक्त शकूताईंना ठाऊक असतं.

ते उठले. अंगणातून गाडीपर्यंत गेले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, बनियन सारखं केलं आणि खणखणीत आवाज शक्य तितका लहान करून म्हणाले,

"येऊ काय?"

आतलं बोलणं थांबलं.

"आज वार कोणता आहे?" शकूताईंनी विचारलं.

"बुधवार."

"जावई रविवारी येतात."

नानासाहेबांनी चपला पुन्हा पायात सरकवल्या. मग वळले. उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून अगदी जपून वळले.